आपल्या मोरीचं पाणी कुठं जातं?

मागच्या महिन्यात आठवीच्या वर्गाला एक साधं काम दिलं. घरच्या मोरीचं पाणी कुठं जातं, ते बघून लिहून आणा. नुसतं 'गटारीत' चालणार नाही, गटार पुढं कुठं जाते तेही हवं. वह्या आल्या तेव्हा बऱ्याच मुलांनी लिहिलं होतं : पावसाळी गटारीत, तिथून नाल्यात, नाल्यातून नासर्डीत. एका मुलीने खाली बारीक अक्षरात विचारलं होतं, "टीचर, तुमच्या घरचं?"

घरी येऊन पाहिलं. संडासाची लाइन भुयारी गटारीला जोडलेली. स्वयंपाकघराची मोरी आणि वुझूच्या जागेचा पाइप मात्र सरळ रस्त्याकडेच्या पावसाळी गटारीत. अठरा वर्षं या घरात राहते, आणि शाळेत पर्यावरण शिकवते!

नाशिकचं सांडपाणी शुद्ध करायला तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक अशा ठिकाणी महापालिकेची केंद्रं आहेत. तिथे आधी जाळीत प्लास्टिक-चिंध्या अडवतात, मग वाळू खाली बसू देतात. त्यानंतरचं खरं काम जिवाणूंचं. जुन्या केंद्रांतले जिवाणू हवेशिवाय घाण खातात; त्यात वीज कमी लागते, पण पाणी पुरतं निवळत नाही. उरलेली घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाईल, त्या मापाला बीओडी म्हणतात. जुनी केंद्रं लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या हिशेबाने बांधलेली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ही मर्यादा १० वर आणायला सांगितलं. आता २०२७ च्या कुंभमेळ्याच्या तयारीत ही केंद्रं सुधारण्याचं कामही धरलं आहे.

व्हायलाच हवं ते. पण जे पाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही, त्याचं काय? पावसाळी गटार केंद्राकडे जात नाही, नदीकडे जाते. आमच्या मोरीतलं तेल, साबण, खरकटं नासर्डीत, आणि नासर्डी आगर टाकळीजवळ गोदावरीत. जरा कडू बोलते, पण बकरी ईदच्या दिवशी दारासमोर पाइप लावून आपण जे धुतो, तेही त्याच वाटेने. कुर्बानी तीन भागांत वाटताना शेजाऱ्याचा हक्क आपल्याला बरोबर आठवतो. नदीच्या खालच्या अंगाला राहणारेही शेजारीच ना?

गोदावरी पुढे निफाडकडे नांदूर मध्यमेश्वरला पोचते. पक्ष्यांच्या या पाणथळीला २०२० मध्ये रामसर दर्जा जाहीर झाला, राज्यात पहिला. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसलेल्या पाणवेली नदीभर पसरतात, त्या याच वाटेवर. त्याच्याही पुढे पैठणचं जायकवाडी. माझी धाकटी बहीण पैठणला दिली आहे. आम्ही इथे भांडी घासतो आणि ती तिथे हंडा भरते.

घरात विषय काढला तर भाईजान, म्हणजे माझे जेठ, म्हणाले, "अख्खी गल्ली सोडते, आपल्या एका पाइपाने काय होणार?" मी गल्लीत विचारलं. आमच्यासारखी आणखी चार घरं निघाली. प्लंबर म्हणतो, पाचही घरांचं एकदम केलं तर खर्च वाटून जाईल, पण रस्ता खोदायला परवानगी लागेल. अर्जावर तीन सह्या झाल्यात. भाईजानांची अजून बाकी आहे, आणि ती मुलगी दर सोमवारी विचारते, "टीचर, झालं का?"