टॅपेट गप्प बसवणारे मिस्त्री

बुलेटची टकटक पाच मिनिटांत बंद करून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीच्या हाती गाडी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिनात नुकताच परफॉर्मन्स कॅम बसवला असेल तर नाहीच नाही.

अंबाल्याला पोस्टिंग आल्यापासून जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट रोज दिसतात. हौशी मालक त्यांत असा कॅम टाकतात. तो व्हॉल्व्ह जास्त उचलतो आणि जास्त वेळ उघडा ठेवतो. गाडी वरच्या आरपीएमला पळते, पण वाजतेही जास्त. आमच्या युनिटमधल्या एका हवालदाराने ही तक्रार घेऊन एक गॅरेज गाठलं. तिथे पुशरॉडचे स्क्रू चढवून गॅप पार संपवला. इंजिन गप्प झालं, गडी खूश. महिन्याभरात किकला जीव उरला नाही. हेड उघडलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला.

व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता बंद असताना सीटला देऊन थंड होतो. गॅप नसेल तर तो पुरता बसत नाही, कडेने तापलेला वायू निसटत राहतो आणि कड जळते. वाजणारा टॅपेट निदान वाजून सांगतो तरी. घट्ट टॅपेट काहीच सांगत नाही, म्हणून मला त्याचीच भीती जास्त वाटते.

खडकवासल्याला ड्रिलचे उस्ताद नुसत्या बुटांच्या आवाजावरून कुठल्या रांगेत कोण चुकला ते ओळखायचे. तसा कान माझ्याकडे नाही, बहुतेक मिस्त्र्यांकडेही नसतो. तेव्हा आधी मोजा. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. मूळ कॅमवर या इंजिनाचा नियम सोपा आहे: पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, वरखाली मात्र हलू नये. नव्या कॅमला हा नियम डोळे मिटून लावू नका. त्याचा चढ-उतार तीव्र असतो, त्यामुळे थोडा आवाज त्याच्या स्वभावातच आहे. गॅप किती ठेवायचा हे कॅम बनवणाऱ्याच्या कागदावर असतं. तो कागद खोक्याबरोबर फेकून देणारे महाभाग मी पाहिले आहेत.

गॅप बरोबर असूनही आवाज आला तर बाकीच्या जागा बघा. पिस्टनचा ठोका इंजिन तापलं की कमी होतो. टायमिंग गिअर टकटकत नाहीत, ते आरपीएमबरोबर चढत जाणारा सूर धरतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला, ही जुनी युक्ती आजही कामाची आहे. ठोका जड, धातूवर धातू आपटल्यासारखा असेल तर इंजिन ताबडतोब बंद करा. जास्त उचलीमुळे स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकत असतील, किंवा व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल. खरं तर पहिल्या किकच्या आधीच प्लग काढून इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहायला हवं.

मात्र सगळ्यात महत्त्वाची खूण कानाने कळतच नाही. आज बसवलेला गॅप दोनशे किलोमीटरवर वाढलेला दिसला, पुन्हा बसवला आणि पुन्हा वाढला, तर कॅमचं टोक किंवा टॅपेटचा तळ झिजतो आहे. नव्या कॅमखाली जुने, एका बाजूने घासलेले टॅपेट ठेवले की हे हमखास होतं. ऑइल काढून बघा, चकाकणारा चुरा दिसेल. अशा वेळी स्क्रू फिरवत बसणं म्हणजे ताप उतरला नाही म्हणून थर्मामीटर बदलणं. आमच्या एमटीमध्ये प्रत्येक गाडीचं नोंदपुस्तक असतं. घरच्या बुलेटलाही एक दोन रुपयांची वही ठेवा आणि तारीख, किलोमीटर, दोन्ही गॅप लिहा.

यूसीई इंजिनवाल्यांना हा स्क्रूच नाही. तिथे हायड्रॉलिक लिफ्टर ऑइलच्या दाबाने गॅप भरून काढतो. जुनाच कॅम घासून नवा आकार दिला असेल, तर त्याचा मूळ गोल भाग लहान होतो, लिफ्टरचा हात पुरत नाही आणि टकटक सुरू होते. मग लांब पुशरॉड लागतात. जाड ऑइल ओतून ते काम होत नाही.