विरोधी बाकांवरील अर्धशतक

सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ ते २०१४ या काळात अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले. १९७८ व १९९९ साली मंत्रिपद लाभले, तेही अल्पकाळच. उरलेली कारकीर्द बहुतांशी शेतकरी कामगार पक्षाच्या विरोधी बाकांवर गेली. मग मतदारांच्या पदरी काय पडले? सत्तेजवळच्या पुढाऱ्याला निधी सहज मिळतो. परंतु पुढारी हटला की ओघही आटतो. गणपतरावांनी सहकारी सूतगिरणी उभारली, दुष्काळी तालुक्यांचा पाणीप्रश्न चळवळीतून लावून धरला. मागणी हक्काची ठरली की ती व्यक्तीवर विसंबून राहत नाही. तथापि पाण्यासाठी दशके वाट पाहावी लागली. २०२१ साली ते निवर्तले. त्यांच्यावरील निष्ठेची किंमत मतदारांनी विलंबाच्या रूपाने मोजली. ती मोजावी लागावी, हा दोष त्यांचा नव्हे, निधिवाटपाच्या व्यवस्थेचा आहे.