शब्दांची ओळख : ब्रूटल

झाशीच्या नगरा भागातून एका वाचक भगिनीने विचारले आहे, ‘मुलगी परीक्षेहून आली की म्हणते, आई, पेपर ब्रूटल होता. तिच्या इतिहासाच्या पुस्तकात कत्तलीलाही हाच शब्द आहे. मग खरा अर्थ कोणता?’

खरा अर्थ कत्तलीचाच. ‘ब्रूटल’ म्हणजे नुसते निर्दय नव्हे. शेजारी उपाशी असताना स्वस्थ जेवणारा माणूस निर्दय असतो. ‘ब्रूटल’ म्हणायला प्रत्यक्ष मारहाण, रक्तपात लागतो. मूळ लॅटिन शब्द ‘ब्रूटस’, अर्थ जड, मंद. सीझरला भोसकणाऱ्या ब्रूटसच्या घराण्याचे नाव हेच! पुढे हा शब्द मुक्या जनावराला लागला आणि तिथून जनावरासारख्या वागण्याला. आपला ‘पाशवी’ही पशूवरूनच आलेला. बिचाऱ्या पशूंवर हा अन्यायच; वाघ पोटापुरते मारतो.

मराठीत मात्र दर वेळी ‘पाशवी’ चालत नाही. हत्या ‘निर्घृण’ असते, लाठीमार ‘अमानुष’, आणि बहुमत तेवढे ‘पाशवी’! ‘निर्घृण’मधली घृणा म्हणजे किळस नव्हे. संस्कृतात घृणा म्हणजे दयासुद्धा. ती नाही तो निर्घृण. ‘ब्रूटल ऑनेस्टी’चे भाषांतर ‘क्रूर प्रामाणिकपणा’ असे करू नये. त्याला आपला ‘रोखठोक’ पुरे.

पेपरला किंवा मे महिन्यातल्या उन्हाला ‘ब्रूटल’ म्हणणे बोलण्यात चुकीचे नाही. इंग्रज माणूसही म्हणतो. पण आपण त्याला ‘जीव काढणारा पेपर’ म्हणावे. तोच शब्द रोज पेपरला वापरला, की कत्तलीचे वर्णन वाचताना मुलांना काहीच वाटेनासे होते, ही माझी खरी तक्रार.

आणि या भगिनीच्या गावाने तर तो अर्थ भोगलेला आहे. एप्रिल 1858 मध्ये ह्यू रोजची फौज झाशीत शिरली, तेव्हा वरसईचे विष्णुभट गोडसे शहरात लपून होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 साली छापला गेला. झाशीत जे झाले त्याला त्या काळच्या मराठीत ‘बिजन’ म्हणत. शब्द फारसीतला, अर्थ सरसकट कत्तल. गोडसे भटजी विशेषणांच्या मागे लागत नाहीत. घरात शिरून मारलेली माणसे, लूट, रस्त्यांवरची प्रेते, जे घडले ते सांगत जातात. मुलीला ती पाने वाचायला द्यावीत. मराठी जड गेले, तर अमृतलाल नागर यांनी केलेला हिंदी अनुवाद ‘आँखों देखा गदर’ आहेच.