पाटी कोरी करण्याआधी

बालदोस्तांनो,

पहिलीत असताना तुम्ही पाटी कशी पुसत होता, आठवतं का? ओल्या फडक्यानं! आणि फडकं सापडलं नाही की शर्टाच्या बाहीनं. पाटी पुसताना कुणालाच भीती वाटत नाही, कारण पाटीवरचं टिकवायचं नसतंच मुळी. टिकवायचं ते आपण वहीत लिहितो.

आता मला सांगा, तुमच्या घरातला मोबाइल म्हणजे पाटी की वही?

हसू नका. हा प्रश्न मला आमच्याच शाळेतल्या सातवीच्या एका मुलामुळे पडला. त्याचं नाव काही मी सांगणार नाही, त्याला आवडणार नाही.

शनिवारची सकाळची शाळा होती. इकडे भोकरच्या आसपास सोयाबीनची काढणी चालू होती, म्हणून वर्गात मुलं कमीच. शाळा सुटली तरी हा पोरगा दारातच उभा. हातात रुमालात गुंडाळलेला मोबाइल.

"काय रे, काय झालं?"

"मॅडम, ह्याच्यातलं समदं गेलं."

"समदं म्हणजे काय काय?"

"मोबाइल लई अडकायला होता. दादानं व्हिडिओ बघून रिसेट मारला. आता त्यो आधीचं खातं मागायलाय. बाबा लई रागावलेत, सोयाबीनचे पैसे गेले म्हणून."

मग तो जरा वेळ गप्प राहिला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "आन् आजी पण गेली त्याच्यातली."

त्याची आजी मागच्या वर्षी वारली. त्याआधी परिसर अभ्यासाच्या प्रकल्पासाठी मी मुलांना घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून यायला सांगितलं होतं. ह्या पठ्ठ्यानं आजीला जात्याशेजारी बसवून बाबांच्या मोबाइलवर अकरा ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. आता मोबाइल कोरा होता.

मी त्याला खाली बसवलं. म्हटलं, "आधी रडायचं नाही. काय गेलं आणि काय राहिलं, ते एकेक करून बघू." तुम्हीही बघा बरं आमच्याबरोबर.

रिसेट म्हणजे नेमकं काय होतं?

अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. तेव्हापासून ह्या फोनच्या साठवणीत दोन खोल्या असतात असं समजा. एका खोलीत फोन चालवणारी व्यवस्था राहते. दुसऱ्या खोलीत तुमचा पसारा: फोटो, रेकॉर्डिंग, नंबर, उतरवून घेतलेली ॲप, त्यांच्यातला मजकूर. 'फॅक्टरी रिसेट' म्हणजे ही दुसरी खोली संपूर्ण रिकामी करणं. पहिल्या खोलीला हात लागत नाही. म्हणूनच फोन पुन्हा सुरू होतो आणि नवा असल्यासारखं "आपलं स्वागत आहे" म्हणतो.

नाव 'फॅक्टरी', म्हणजे कारखाना. पण फोन काही अगदी कारखान्यातून निघाला त्या दिवशीसारखा होत नाही, बरं का! मधल्या काळात अँड्रॉइडची नवी आवृत्ती घेतली असेल तर तीच राहते. फुटलेली काच फुटलेलीच राहते. थकलेली बॅटरी ताजी होत नाही. आणि फोनची रॅम, म्हणजे काम करताना लागणारी जागा, एका कणानंही वाढत नाही.

हे शेवटचं नीट लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं होतं. त्या फोनांची रॅम होती २ जीबी, आणि त्यावर 'पोषण ट्रॅकर' हे नवं ॲप चालवायचं होतं. फोन सारखे अडकत, तापत, बंद पडत, अशी त्यांची तक्रार होती. अशा फोनला दहा वेळा रिसेट केलं तरी काय होणार? चिमुकल्या टेबलावर मोठी सतरंजी पसरायची म्हटलं, तर टेबल पुसून सतरंजी मावेल का? फोन कचऱ्यामुळे अडकतो की लहान पडतो म्हणून अडकतो, हे आधी ओळखायला हवं.

गेलेलं परत का येत नाही?

आमच्या पोरानं विचारलं, "मॅडम, दुकानात नेला तर काढून देत्याल का?"

याचं उत्तर फोनच्या वयावर अवलंबून आहे. जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये रिसेट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडण्यासारखं होतं. पानं आतच राहायची. २०१५ साली केंब्रिज विद्यापीठातल्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी पाच कंपन्यांचे २१ जुने, वापरलेले अँड्रॉइड फोन तपासले. रिसेट केल्यावरही त्यांना आधीच्या मालकांची माहिती परत मिळवता आली! असे ५० कोटींपर्यंत फोन जगात असू शकतील, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे ज्यांनी "पुसलाय" म्हणून फोन विकला, त्यांची गुपितं दुसऱ्याच्या खिशात गेली होती.

पुढे हे बदललं. आताच्या फोनमध्ये सगळी माहिती आधीच सांकेतिक लिपीत कोंडलेली असते. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून तर नव्या फोनला ते सक्तीचंच झालं. ती लिपी उलगडणारी किल्ली फोनच्या आत असते. रिसेट केलं की ती किल्लीच नष्ट होते. कुलूपबंद कपाटाची एकुलती एक किल्ली विहिरीत टाकावी, आणि ते कपाटही असं की कुणाला फोडता येऊ नये, तसं!

चोराच्या हाती काही लागू नये म्हणून ही सोय उत्तम. पण चूक आपल्याच घरात झाली, तर तेच कुलूप आपल्यावरही पडतं. आमच्या पोराच्या घरचा फोन नवाच होता. त्याला खोटी आशा दाखवणं मला बरं वाटलं नाही. मी सांगितलं, "ह्या फोनमधून ते परत येणार नाही. पण फोनच्या बाहेर काही राहिलं असेल, तर ते शोधू."

फोनच्या बाहेर काय राहतं?

पहिले पैसे. बाबांना निरोप पाठवला, पैसे फोनमध्ये नसतात, बँकेत असतात. सिम तेच आहे, नंबर तोच आहे. ॲप पुन्हा घ्यायचं, त्याच सिमवरून नोंदणी करायची. शिल्लक जशीच्या तशी दिसते. फक्त कुणी फोन करून "पैसे परत मिळवून देतो, आलेला ओटीपी सांगा" म्हणालं, तर सांगायचं नाही!

दुसरं ते खातं. फोन आधीचं गुगल खातं मागत होता, कारण २०१५ च्या अँड्रॉइड ५.१ पासून फोनमध्ये एक राखणदार बसवलाय. चोरानं फोनची बटणं दाबून बाहेरूनच रिसेट केला, तरी आधीच्या मालकाचं खातं किंवा कुलूप सांगितल्याशिवाय फोन उघडत नाही. दादानं व्हिडिओत बघून नेमकं तसंच बटणं दाबून केलं होतं. फोनला काय माहीत, हा दादा की चोर?

बाबांना खात्याचा पत्ता माहीतच नव्हता. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या माणसानंच खातं उघडून दिलं होतं. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी असंच आहे? हात वर करा! पण नशीब, त्यानं नाव आणि नंबर बाबांचाच घातला होता. बाबांना शाळेत बोलावलं. त्यांचं सिम दुसऱ्या साध्या फोनमध्ये घातलं, माझ्या फोनवरून नंबर आणि नाव देऊन खातं शोधलं, सिमवर आलेला आकडा बाबांनी स्वतः टाकला आणि नवा पासवर्ड ठरवला. असा पासवर्ड नुकताच बदलला असेल, तर राखणदार कधी कधी एखादा दिवस थांबायला लावतो. म्हणून रविवार जाऊ दिला. सोमवारी फोन उघडला. सगळे नंबर परत आले, कारण ते खात्यात जपलेले होते.

फोटो? नाही आले. त्यांची प्रत खात्यात ठेवायची सोय बंद होती. व्हॉट्सॲप? नंबर टाकताच सुरू झालं, पण जुनं बोलणं नाही. त्याचीही प्रत कधी काढली नव्हती.

आणि आजी?

तेव्हा मला आठवलं. प्रकल्पाच्या वेळी त्यानं एक ओवी मला पाठवली होती. दुसऱ्याला पाठवलेली वस्तू दुसऱ्याच्या फोनमध्ये राहते, आपला फोन पुसला तरी ती जात नाही. पण खरं सांगते, माझ्या छातीत धडधडलं. माझा फोन भरला की मी शाळेचं आलेलं सगळं सरसकट पुसते. ही तरी ठेवली असेल का? शोधत शोधत खाली गेले. होती! ती आवडली म्हणून मी वेगळी काढून ठेवली होती. एक मिनिट आणि काही सेकंद. जात्याची घरघर, मागे कोंबडी, आणि मध्येच आजी विचारते, "झालं का रं सुरू?"

पोरानं तीनदा ऐकली. बाबा खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले.

अकरांतली एक. बाकी दहा गेल्या त्या गेल्या.

तर मग रिसेट कधीच करायचं नाही का?

करायचं की! फोनमध्ये घातक ॲप शिरलं आणि काढता येईना, फोन विकायचा किंवा दुसऱ्याला द्यायचा असला, बाकी सगळे उपाय थकले, तर रिसेट हाच उपाय. पण तो शेवटचा. आधी फोन बंद करून चालू करा. नको असलेले व्हिडिओ आणि न वापरलेली ॲप काढा. एवढ्यानं बरेचदा फोन वळणावर येतो.

आणि रिसेट करायचंच ठरलं, तर ह्या सात पायऱ्या वहीत उतरवून घ्या:

१. फोन ज्याचा आहे त्याला विचारा. घरात एकच फोन असेल तर तो सगळ्यांचा असतो. प्रत्येकाला विचारा, "तुझं ह्यात काय आहे?"

२. फोटो, रेकॉर्डिंग आणि कागदपत्रं संगणकावर, पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या फोनवर उतरवा. आणि तिथे उघडून बघा! उघडून बघितल्याशिवाय प्रत झाली असं म्हणायचं नाही.

३. नंबर गुगल खात्यात आहेत का ते तपासा. व्हॉट्सॲपची प्रत सेटिंग्जमधून काढा. गुगल खात्यात फुकट जागा १५ जीबीच असते. ती भरली असेल तर प्रत अर्धवट राहील.

४. खात्याचा पत्ता आणि पासवर्ड माहीत आहे का? घरातल्या मोठ्यांच्या वहीत लिहून, वही कपाटात. वर्गातल्या फळ्यावर नाही!

५. सिम आणि मेमरी कार्ड काढून ठेवा. पण काही फोनांत कार्डही फोनचाच भाग करून टाकलेलं असतं. मग रिसेटनंतर त्यावरचंही वाचता येत नाही. म्हणून त्याचीही प्रत आधी.

६. फोन विकायचा असेल तर आधी सेटिंग्जमधून खातं काढा, कुलूप काढा. नाहीतर घेणाऱ्याला तो राखणदार अडवेल.

७. फोन चार्जिंगला लावा. मग सेटिंग्ज, त्यात सिस्टिम, त्यात रिसेटचे पर्याय, आणि सगळ्यात शेवटी 'सगळा डेटा पुसा'. कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात. कधी काही मिनिटं लागतात, कधी तासभर. मध्येच बंद करू नका.

जाता जाता एक गंमत. रिसेट केल्यानं न पुसली जाणारी एक गोष्ट फोनमध्ये असते. चांदणी, हॅश, शून्य, सहा, हॅश असं दाबा. पंधरा अंकी क्रमांक दिसेल. तो आयएमईआय, फोनचा जणू हजेरी क्रमांक. फोन हरवला, तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या 'संचार साथी' वर हाच क्रमांक टाकून फोन बंद करवता येतो. ही सोय २०२३ पासून देशभर आहे. तेव्हा हा क्रमांकही त्याच वहीत लिहा. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात.

आता आमच्या पोराचं पुढं काय झालं ते सांगते. त्याची आत्या किनवटकडे दिली आहे. आजीच्या ओव्या तिला पाठ आहेत. दिवाळीत ती माहेरी आली की तिच्याकडून सगळ्या ऐकायच्या, असं ठरलंय. मी म्हटलं, "या वेळी आधी वहीत लिही, मग रेकॉर्ड कर, आणि एक प्रत माझ्याकडे दे."

तो म्हणाला, "लिहितो मॅडम. पण आवाज आत्याचा असंल."

यावर मी काय बोलणार? ओव्या परत मिळतील, आजीचा आवाज मात्र तेवढा एक मिनिटाचाच. तो त्यानं आता चार जागी ठेवलाय. दादानं स्वतः बसून त्या चार प्रती केल्या, हे मला फार आवडलं. त्याला कुणी रागावलं नाही, तरी त्यानं केल्या.

तर ह्या आठवड्याचा गृहपाठ: घरातल्या फोनमध्ये अशी कोणती एक गोष्ट आहे, जी गेली तर पुन्हा मिळणार नाही? ती शोधा. आजच तिची एक प्रत दुसरीकडे ठेवा, आणि उघडून बघा. काय ठेवलंत ते मला पत्रानं जरूर कळवा.

भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमची,
मॅडम