बांध आमचा, झाड कुणाचं?



कापसाचं वाण हुकलं तर एक हंगाम बुडतो. पुढच्या मृगाला आम्ही वाण बदलतो. साग आज लावला तर तोडायला नातू येणार. म्हणजे नातवाच्या काळातलं ऊन-पाऊस ओळखून झाड आजच निवडायचं. ते ओळखणार कोण?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं सागाच्या खोडातली वलयं वाचून काही शतकांचा पाऊस ताडला. दुष्काळी सालाचं वलय अरुंद. पण वलय मागचं सांगतं. ऊन वाढलं, हवेत कर्बवायू वाढला, की तेच झाड कसं वागेल याबाबत शास्त्रज्ञांचे अंदाज जुळत नाहीत. 2019 ला सरकारनं 33 कोटी झाडांचा आकडा गावोगाव पोचवला. वारंग्याच्या रानात त्यातलं कोणतं तगेल, हे आम्हाला कुणी सांगितलं?

अंदाज कच्चा असला की आम्ही कापसात तुरीचं तास टाकतो. बांधावरही तसंच करू. साग, लिंब, पळस, बाभूळ मिसळून लावू. वाळेल ते काढू, तगेल ते वाढवू. पण 1964 चा वृक्षतोड कायदा आडवा येतो. स्वतःच्या बांधावरचा साग तोडायला परवानगी! जोखीम आमची, शिक्का साहेबाच्या खिशात. मग सागाचं रोप दिसलं की आम्हीच उपटतो, खोटं कशाला बोला?

बांधावरच्या झाडाला परवानगीची अट नको, हा ठराव जिल्हा बैठकीत मांडतो आहोत. सात-बारा घेऊन वारंगा फाट्यावर जमा.