शिडी कोणी लावली?

आपल्या मंडळींच्या स्नेहसंमेलनांत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘आम्ही स्वकर्तृत्वावर वर आलो, सरकारने शिक्षणात आणि उद्योगात लुडबुड करू नये.’ त्यावर टाळ्याही पडतात. हे वाक्य बडोद्यात, तेही जुन्या मराठी घराण्यातील माणसाने उच्चारावे, याचे नवल वाटते.

आपले पूर्वज येथे आले ते गायकवाडी चाकरीत. त्या शिलेदार-कारकुनांच्या घरांतून पुढे अभियंते, रसायनतज्ज्ञ आणि प्राध्यापक निघाले, ते राज्याच्या धोरणामुळे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते राज्यभर लागू केले. कलाभवन उभारणारे प्रा. त्रिभुवनदास गज्जर १९०७ मध्ये अलेंबिकच्या संस्थापकांत होते. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली. विद्या, हुन्नर, कारखाना आणि भांडवल यांची सांगड कोणीतरी विचारपूर्वक घातली होती. पुढे १९४९ मध्ये विद्यापीठ झाले, १९६५ मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि १९६९ मध्ये आयपीसीएल आली. तेथील कायम नोकरीने कितीतरी घरांची भाड्याची खोली सुटली आणि मुलांची शिक्षणे झाली.

परवाना-राज्याची तरफदारी मला करावयाची नाही. शासनसेवेत फायली कशा निजतात हे मी जवळून पाहिले आहे. १९९१ चे उदारीकरण आवश्यकच होते. परंतु तेव्हा मैदान खुले झाले, धावणारे मात्र आधीच तयार होते, आणि त्यांची तयारी अल्प शुल्काच्या सरकारी महाविद्यालयांत झाली होती. ज्यांना ती लाभली नाही, ते कडेलाच उभे राहिले. नवा शोध आपोआप मध्यमवर्ग घडवीत नाही. मोबाइलवरील एकाच व्यवस्थेतून संगणक-अभियंत्याला गलेलठ्ठ पगार मिळतो आणि दारी जेवणाचा डबा आणणाऱ्या पोराला खेपेगणिक मजुरी. त्या पोराची पुढची पिढी कोठे असेल, हे धोरण ठरवील.

आणि आपण? केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून, सैन्यदले वगळता, नव्या भरतीचे हमीचे निवृत्तिवेतन बंद केले, तेव्हा आम्ही ज्येष्ठ गप्प राहिलो. आमचे शाबूत होते. २०२५ मध्ये हमीचा पर्याय पुन्हा द्यावा लागला, त्यातही आमचा वाटा शून्य. नगरपालिकेच्या शाळांची आबाळ होते तेव्हाही आम्ही गप्पच, कारण आमची नातवंडे तेथे जात नाहीत.

‘स्वकर्तृत्व’ म्हणणाऱ्याने घरच्या जुन्या पेटीतील आजोबांचा शाळेचा दाखला काढून त्यावरील शिक्का पाहावा. ज्या शिडीने आपण चढलो ती दुसऱ्यासाठी जागेवर राहावी, असा आग्रह धरणे यात कोणावर उपकार नाहीत. ती जुन्या ऋणाची फेड आहे, आणि ती करण्यास आपण फार उशीर केला आहे.