खेळांचे दफ्तर खुले करा

संगणकीय खेळ हा फावल्या वेळेचा विषय, त्याचा विद्यापीठीय संशोधनाशी संबंध काय, असा प्रश्न पुष्कळ सुशिक्षितांच्या मनात अजून घर करून आहे. आणि विद्यापीठांतील शोधनिबंधांचा आमच्या धंद्याला उपयोग काय, असे गेम बनविणारे स्टुडिओही बिनदिक्कत विचारतात. ‘डूम’ ह्या एकाच खेळाची कुळकथा दोघांचेही समाधान करण्यास पुरेशी आहे.

1980 साली हेन्री फुक्स, झ्वी केडेम आणि ब्रूस नेलर ह्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्रिमितीय दृश्य पडद्यावर रेखाटताना कोणता पृष्ठभाग पुढे आणि कोणता त्याच्या आड, हे पाहणाऱ्याची जागा पालटताच पुन्हा नव्याने ठरवावे लागते. त्यांनी अशी तोड काढली की, अवकाशाचे एका प्रतलाने दोन भाग करावे, त्या प्रत्येकाचे पुन्हा दोन, आणि ही सारी वाटणी वृक्षरूपाने आगाऊच नोंदून ठेवावी, म्हणजे पाहणारा कोठेही उभा असला तरी तो प्रतलाच्या कोणत्या बाजूस आहे एवढेच विचारीत फांदीफांदीने उतरत गेल्यास पृष्ठभागांचा क्रम आपोआप हाती येतो. 1993 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या ‘डूम’मध्ये त्याचे प्रोग्रामर जॉन कारमॅक ह्यांनी हीच कल्पना कामी लावली. नकाशाची वाटणी खेळ तयार करतानाच एकदा उरकलेली असल्यामुळे घरच्या बेताच्या संगणकाकडे केवळ ती वाचण्याचे काम राहिले. शिवाय मूळ निबंधातील दुरून जवळ येण्याची रीत सोडून जवळच्या भिंतीपासून आरंभ केल्याने, पडद्याचा जो उभा पट्टा एकदा भरला त्याच्यामागे काय दडले आहे ह्याची चौकशीच करावी लागेना. हा खेळ प्रथम विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर चढविला गेला, आणि तेथे वाट पाहणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की खुद्द खेळ बनविणाऱ्या कंपनीलाच आत शिरणे मुष्कील झाले.

परंतु विद्येचे हे ऋण फिटले ते 1997 साली, कंपनीने ‘डूम’चा सोर्स कोड जाहीर केला तेव्हा. त्याच वंशातील कोडावर 2016 साली पोलंडमधील पोझनानच्या संशोधकांनी ‘व्हिझडूम’ उभारले, आणि केवळ पडद्यावरील चित्र पाहून यंत्राला चालणे, टाळणे, नेम धरणे शिकविण्याची ती जगभरच्या अभ्यासकांची प्रयोगशाळा झाली. मला ह्यात अतिशय आनंद वाटतो, आणि तितकीच हळहळही. कारण ही देवघेव एका वाचनप्रिय प्रोग्रामरच्या आणि एका उदार निर्णयाच्या भरवशावर घडली, कोणत्याही रीतसर तजविजीने नव्हे. पुष्कळ खेळांचा कोड करारनाम्यांच्या कुलपात पडून राहतो आणि स्टुडिओ मोडला की त्याबरोबर नाहीसा होतो. इकडे प्राध्यापकाची बढती निबंधांच्या गणतीवर अवलंबून असल्याने, चालते साधन घडविण्यात दोन वर्षे घालवणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही.

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने 2025 साली अ‍ॅनिमेशन आणि गेमिंग ह्या व्यवसायांसाठी धोरण मंजूर केले असून, पुणे-मुंबईत स्टुडिओ आहेत, विद्यापीठेही आहेत. ज्या स्टुडिओला सरकारी सवलत मिळेल, त्याने आपल्या खेळाची विक्री थंडावल्यावर ठराविक मुदतीत त्याचा कोड आणि नकाशे घडविण्याची साधने एखाद्या सार्वजनिक विद्यापीठाच्या हवाली करावी, अशी अट सरकारने घालावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. चित्रे, पात्रे, संगीत ह्यांवरील मालकी कोणी मागत नाही. ‘डूम’च्या वेळीही कोड खुला झाला, नकाशे आणि चित्रे मालकाकडेच राहिली. अडचण आली ती निराळीच: ध्वनीचा भाग दुसऱ्याकडून परवान्याने घेतलेला असल्यामुळे मूळ डॉस आवृत्तीचा कोड देता आला नाही, लिनक्सवरील आवृत्तीवरच भागवावे लागले. तेव्हा बाहेरून घेतलेल्या प्रत्येक भागाचे परवाने खेळ सुरू होतानाच ह्या हवालगीची मुभा ठेवून लिहून घ्यावे, आणि सवलतीचा पहिला हप्ता तो करारनामा पाहिल्यावाचून देऊ नये.